बोकास्तेलची बाटली केव्हा उघडावी आणि कशी

शातो द बोकास्तेल या फ्रेंच मळ्याची लाल वाइन महाग आहे, सहजी मिळत नाही, आणि चुकीच्या वयात उघडली तर पैसे पाण्यात गेल्यासारखं वाटतं. द्राक्षतोडणीपासून पहिली तीन-चार वर्षं ती रसरशीत, मोकळी असते. मग मिटते. साधारण पाचव्या वर्षापासून आठव्यापर्यंत वास दबून जातो, जिभेवर तेवढा तुरटपणा उरतो, आणि एवढं नाव आहे ती हीच वाइन का, असा प्रश्न पडतो. आठव्या-नवव्या वर्षानंतर ती हळूहळू पुन्हा उमलते. साल चांगलं असेल आणि साठवण नीट झाली असेल, तर पुढे वीस वर्षंही तशीच राहू शकते. म्हणून लेबलावर आधी साल बघा आणि ते चालू सालातून वजा करा. किती वेळ हवेवर ठेवायची, बूच कशाने काढायचं, हे सगळं त्या वजाबाकीवर ठरतं.

ही वाइन अशी का वागते, याचं उत्तर मळ्यात आहे. तिथून सुरुवात केली की पुढच्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही.

मळा आणि पेरँ घराणं

दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीच्या खोऱ्यात, आव्हिन्यों शहराच्या उत्तरेला शातोनफ-द्यु-पाप हे गाव आहे. मराठी कानाला नाव खटकतं, पण फ्रेंचमध्ये 'पाप' म्हणजे पोप. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्योंला राहत होते, आणि त्यांच्यापैकी बाविसाव्या जॉनने इथे किल्ला बांधवला. या गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनला १९३६ पासून कायद्याची चौकट आहे. तोडणी हातानेच करायची, उतारा हेक्टरी ३५ हेक्टोलिटरच्या वर न्यायचा नाही, म्हणजे एकरी साधारण १,४०० लिटर, आणि मद्यार्क किमान १२.५ टक्के हवा. बोकास्तेलच्या बाटलीत तो बहुधा १४ टक्क्यांच्या आसपास असतो.

मळा या टापूच्या उत्तर टोकाला, कूर्तेझों गावाच्या बाजूला आहे. वेलींखाली मातीपेक्षा गोटेच जास्त दिसतात. ते नारळाएवढे, गुळगुळीत आहेत आणि रोन नदीने आल्प्सकडून वाहून आणलेले आहेत. दिवसभर तापतात, रात्री ऊब सोडतात आणि खालची ओल टिकवतात. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा, जोराचा वारा येतो. पावसानंतर तो घड वाळवतो, त्यामुळे बुरशीला वाव कमी मिळतो. पण दरवर्षी तेवढ्यावर भागत नाही. २०१८ मध्ये डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग, असा पसरला की या खोऱ्यात रसायनं न वापरणाऱ्या मळ्यांचं पीक मोठ्या प्रमाणात गेलं. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला या वाक्यामागचं दुखणं समजावून सांगावं लागणार नाही.

बोकास्तेल हे नाव १५४९ पासूनचं आहे. त्या साली प्येर द बोकास्तेल याने इथे एक कोठार आणि जमीन विकत घेतली. आजच्या घराण्याकडे मळा आला तो १९०९ नंतर. फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड फ्रान्सभर वेली मारून गेली होती. त्यानंतर प्येर त्रामिए यांनी ही जमीन घेतली, ती जावई प्येर पेरँ यांच्याकडे गेली आणि पुढे मुलगा जाक पेरँ यांच्याकडे. जाक १९७८ मध्ये वारले. त्यांच्यानंतर जाँ-प्येर आणि फ्रान्स्वा या मुलांनी मळा सांभाळला आणि आता पाचवी पिढी काम करते.

ग्लासातल्या चवीवर ठसा आहे तो जाक यांच्या निर्णयांचा. १९५० पासून इथे सेंद्रिय शेती आहे, १९७४ पासून बायोडायनॅमिक, म्हणजे चंद्राच्या कला आणि ऋतुचक्र पाळून केलेली सेंद्रिय शेती. शेजारचे मळे ग्रनाश या गोडसर, भरघोस फळाच्या जातीवर विसंबत होते, तेव्हा त्यांनी मूर्वेद्रवर भर दिला. मूर्वेद्र उशिरा पिकते, तिला ऊन भरपूर लागतं, आणि तिची वाइन गडद, तुरट, मांसल वासाची होते. बोकास्तेलच्या मिश्रणात साधारण ३० टक्के मूर्वेद्र आणि तेवढीच ग्रनाश असते. उरलेल्यात सिरा आणि कुनवाज यांचा मोठा हिस्सा, मग सँसो, वाकारेज, तेरे नुआर, म्युस्कार्दँ, आणि चिमूटभर पांढऱ्या जाती. शातोनफला परंपरेने मान्य असलेल्या तेराही जाती लावणारे मळे मोजकेच, त्यांतला हा एक. याचा उपयोग वाईट वर्षात कळतो. २०१३ मध्ये ग्रनाशच्या फुलोऱ्यात गळ झाली आणि उत्पादन कोसळलं. ज्यांच्याकडे दुसऱ्या जाती होत्या, त्यांना तोल सावरता आला.

दुसरा निर्णय तापवण्याचा. देठ काढलेली द्राक्षं नळीतून जाताना त्यांची साल थोड्या वेळासाठी सुमारे ८० अंशांपर्यंत तापवतात आणि आतला रस तापायच्या आत सगळं २० अंशांपर्यंत गार करतात. हवेशी संयोग घडवून रस तपकिरी करणारी विकरं त्यामुळे निकामी होतात, सालीतून रंग चांगला सुटतो आणि सल्फर कमी घालावं लागतं. पुढे प्रत्येक जात वेगळी आंबवतात. ग्रनाशसारख्या हवेला लवकर बळी पडणाऱ्या जाती टाइल लावलेल्या टाक्यांत, तर मूर्वेद्र आणि सिरा लाकडी टाक्यांत, कारण त्या दोघींचा दम कोंडतो आणि लाकडातून त्यांना थोडी हवा मिळते. मग मिश्रण मोठमोठ्या जुन्या ओक पिंपांत सुमारे वर्षभर मुरतं. पिंपं मोठी असल्यामुळे वाइनला व्हॅनिलासारखा लाकडी वास लागत नाही. बाटलीत भरताना बारीक गाळणी लावत नाहीत.

पुढच्या सगळ्या सूचना इथूनच निघतात. मूर्वेद्र हवेसाठी आसुसलेली असते, म्हणून वाइन मधल्या वर्षांत मिटते आणि हवा दिली की खुलते. गाळणी लावलेली नाही, म्हणून तळाशी गाळ बसतो. मद्यार्क जास्त आहे, म्हणून गरम वाढली की नाकात झोंबते.

लेबल वाचताना

पेरँ घराणं बऱ्याच वाइन करतं, आणि नावाच्या साधर्म्यामुळे गल्लत होते. कोंबड्यांचं चित्र असलेली 'ला व्हिएय फेर्म' त्यांचीच. ती रोजच्या जेवणाची स्वस्त वाइन आहे आणि तिची द्राक्षं या मळ्यातली नसतात. 'फामिय पेरँ' असं लिहिलेली शातोनफही वेगळी. मळ्याच्या मुख्य बाटलीवर शातो द बोकास्तेल हे नाव, शातोनफ-द्यु-पाप आणि साल या तिन्ही गोष्टी हव्यात.

'कुदुले द बोकास्तेल' मात्र आवर्जून घ्यावी. मळ्याला लागूनच, महामार्गाच्या पलीकडे तिची सुमारे ३० हेक्टर जमीन आहे. माती जवळपास तीच आणि तिच्यातही मूर्वेद्रचा वाटा मोठा, पण शातोनफची हद्द ओलांडल्यामुळे ती नुसती कोत द्यु रोन, म्हणजे रोन खोऱ्यातली सर्वसाधारण वाइन, ठरते आणि बरीच स्वस्त पडते. पहिल्यांदा या घराण्याची ओळख करून घ्यायची असेल तर हीच घ्या. तिसऱ्या ते आठव्या वर्षात कधीही उघडली तरी चालते. दुसऱ्या टोकाला 'ओमाज आ जाक पेरँ' आहे. वडिलांच्या नावाने मुलांनी १९८९ पासून फक्त उत्तम वर्षांत काढलेली, जुन्या वेलींची, मूर्वेद्रचं वर्चस्व असलेली वाइन. पंधरा वर्षांच्या आत ती उघडणं म्हणजे तिचा अपमान आहे.

सालांबद्दल थोडक्यात: १९८९, १९९०, १९९८, २००१, २००७, २०१० आणि २०१६ ही चांगली. २००३ उष्णतेच्या लाटेचं, त्यामुळे वाइन जड. २००२ मध्ये सप्टेंबरात पुराने खोरं धुऊन नेलं, ते साल टाळा. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांना आणखी एक वाट आहे. पेरँ घराण्याने हास कुटुंबाबरोबर १९८९ मध्ये पासो रोबल्सजवळ जमीन घेऊन टॅब्लस क्रीक हा मळा उभा केला. त्याच्या वेलींच्या काड्या बोकास्तेलमधून आणल्या आणि क्वारंटाइनमधून सोडवून लावल्या. तिथली वाइन बोकास्तेलची नक्कल नाही, पण एकाच कुळातली आहे हे कळतं.

जुनी बाटली घेताना ती उजेडासमोर धरा. बुचाखालची रिकामी जागा दोन-तीन सेंटीमीटर असणं ठीक. वीस वर्षांच्या बाटलीत चार सेंटीमीटरही चालेल. त्याहून जास्त असेल, बूच वर उचललेलं असेल किंवा लेबलावर ओघळाचे डाग असतील, तर बाटली कुठेतरी तापलेली आहे. कितीही सवलत मिळाली तरी घेऊ नका.

आणणं आणि ठेवणं

विमानातून आणणार असाल तर मोजणी सोपी आहे. भारतात येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी धरली की सव्वादोन. म्हणून माणशी दोनच. प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नको. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवा. घरी आल्यावर किमान दोन आठवडे बाटलीला हात लावू नका. प्रवासात हलून गाळ सगळीकडे पसरतो आणि चव विसकटल्यासारखी लागते.

साठवणीचं खरं संकट म्हणजे आपलं हवामान. वाइनला १२ ते १५ अंश मानवतात, तेही वर्षभर सारखे. मुंबईच्या किंवा नागपूरच्या घरात कपाटात ठेवलेली बाटली एका मे महिन्यात जे गमावते, ते परत येत नाही. फळाच्या वासाची जागा शिजवलेल्या मनुकांचा वास घेतो. वाइनसाठी वेगळा फ्रिज असेल तर १३ अंशांवर लावून बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील. तो नसेल तर साध्या फ्रिजचा भाजीचा कप्पा. तिथे थंडी गरजेपेक्षा जास्त आणि हवा कोरडी असते, म्हणून तीन-चार महिन्यांपुरतंच. पण तापलेल्या कपाटापेक्षा ते केव्हाही बरं. कंप्रेसरची सततची थरथर लागणार नाही अशी जागा शोधा आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळा, दिव्याचा उजेडही बाधतो. वर्षानुवर्षं मुरवण्याचा विचार असेल आणि वाइनचा फ्रिज नसेल, तर स्पष्टच सांगायचं तर मुरवू नका. तीन वर्षांच्या आतलं साल घ्या आणि लगेच प्या.

उघडायचा दिवस

बाटली आठ वर्षांहून जुनी असेल तर दोन दिवस आधी उभी करा. गाळ तळाशी जाऊन बसायला एवढा वेळ लागतो. कोवळ्या बाटलीला याची गरज नाही.

वाढताना वाइन १६ ते १८ अंशांची हवी. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला" हा सल्ला थंड दगडी घरांतून आला आहे, आपल्या ३० अंशांच्या खोलीला तो लागू नाही. अशा खोलीतून आणलेली बाटली फ्रिजमध्ये उभीच ठेवा. साधारण सव्वा ते दीड तासात ती हव्या त्या थंडीला येते. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून पंधरा मिनिटं पुरतात. नुसता बर्फ चालत नाही, काच आणि बर्फ यांच्यामध्ये हवा राहते. फ्रीझरमध्ये ठेवायचा मोह टाळा. बाटली विसरली तर बूच ढकललं जातं. स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर असेल तर ग्लासात बुडवून बघा, अंदाज नेहमी गरम बाजूला चुकतो. वाइन वीस अंशांच्या वर गेली की मद्यार्क नाकात चढतो आणि फळ दबतं. चौदाच्या खाली वास गोठतो, तुरटपणा टोचतो.

बूच काढायला कोवळ्या बाटलीसाठी वेटर वापरतात तो दोन टप्प्यांचा स्क्रू उत्तम. पंधरा वर्षांहून जुन्या बाटलीचं बूच ठिसूळ होतं, स्क्रू मधूनच भुगा करून बाहेर येतो. त्यासाठी दोन पात्यांचा चिमटा मिळतो. लांब पातं आधी काच आणि बूच यांच्यामध्ये घालायचं, मग आखूड, डावी-उजवीकडे हलवत दोन्ही खाली न्यायची आणि पिळत पिळत वर ओढायचं. वर ओढण्याआधी पिळणं सुरू झालं पाहिजे, नाहीतर पाती बूच सोडून निसटतात. तरीही मोडलंच तर घाबरू नका. तुकडा आत ढकला आणि चहाच्या बारीक, पूर्ण कोरड्या, कसलाही वास नसलेल्या गाळणीतून वाइन निथळून घ्या.

आता हवा किती द्यायची. चार वर्षांच्या आतली वाइन रुंद भांड्यात, म्हणजे डिकँटरमध्ये, ओता आणि दोन तास ठेवा. डिकँटर नसेल तर काचेचा मोठा जग पुरतो. स्टीलचा तांब्या नको, त्यात गाळ दिसत नाही. पाच ते आठ वर्षांची, मिटलेली वाइन उघडावीच लागली तर चार-पाच तास द्या आणि मध्ये एकदा एका जगमधून दुसऱ्या जगमध्ये ओता. ती पूर्ण खुलणार नाही, पण थोडी बोलती होईल. नऊ ते पंधरा वर्षांच्या वाइनला एक तास. वीस वर्षांच्या पुढे हवा हीच शत्रू होते. निथळा आणि लगेच प्या, कारण अशा वाइनचा वास अर्ध्या तासात ओसरू शकतो.

निथळताना बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा टॉर्च धरा. एकाच ओघात, सावकाश, बाटली मध्येच सरळ न करता ओता. मध्ये थांबलात की गाळ मागे उसळून सगळी वाइन गढूळ करतो. मानेजवळ धुरकट रेषा आली की थांबा. तळाशी तीस-चाळीस मिलिलिटर राहील, ते राहू द्या. एका बाटलीतून साधारण सहा ग्लास होतात, प्रत्येकी १२० मिलिलिटरच्या आत. मोठ्या पोटाचा, वर निमुळता होणारा ग्लास घ्या आणि तो एक तृतीयांशच भरा. आपल्याकडच्या उकाड्यात ग्लासातली वाइन काही मिनिटांतच तापू लागते, म्हणून थोडी थोडी घ्या आणि उरलेला जग थंड पाण्याच्या पातेल्यात उभा करा.

वास विचित्र आला तर

इथे नीट थांबायला हवं, कारण चांगली बाटली दोषी समजून ओतून देणं आणि दोषी बाटली कौतुकाने पिणं, दोन्ही घडतं.

ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास आला आणि फळ अजिबात नसेल, तर बुचातला टीसीए हा रासायनिक दोष आहे. हवा दिल्याने तो जात नाही, उलट वाढतो. दुकानदाराला बाटली परत करा.

जळलेल्या काडीचा, उकडलेल्या अंड्याचा वास आला तर तो मूर्वेद्र-सिराचा कोंडलेला श्वास आहे. अर्धा तास जोरात हलवून, ओतून बघा, बहुतेक वेळा जातो.

चामडं, घोड्याचा तबेला, ओलसर गोठा यांचा वास हा बोकास्तेलच्या बाबतीत सर्वांत वादाचा. ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचं ते काम. १९८९-९०च्या सुमाराच्या बाटल्यांत तो ठळक असतो. काहींना तो दोष वाटतो, काहींना याच मळ्याची खूण. आमचा निकष साधा आहे. त्या वासामागे काळी फळं, वाळलेली रानवनस्पती आणि मिरीचा वास अजून लागत असेल, तर वाइन उत्तम. नुसता तबेलाच उरला असेल, तर ती हरली.

सोबत काय वाढावं

तांबडा रस्सा किंवा वऱ्हाडी मटण या वाइनबरोबर वाढू नका. तिखट आणि १४ टक्के मद्यार्क एकमेकांना भडकवतात, आणि पदार्थ व वाइन दोघांचीही चव जाते. मटणच करायचं तर सुकं, मिरची निम्मी, गोडा मसाला आणि सुकं खोबरं भाजून. दगडफूल, लवंग आणि दालचिनीचे वास या वाइनला इतके जवळचे आहेत की एरवी फ्रेंच जेवणाशिवाय तिला हात न लावणाऱ्यांनीही हे एकदा करून बघावं. मीठ नेहमीइतकंच असू द्या. मिठाने तुरटपणा मऊ होतो, अळणी जेवणाबरोबर तोच कडू लागतो.

शाकाहारी ताटात निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कच्चा कांदा न घालता. किंवा तुपात परतलेली, मिरपूड घातलेली अळिंबी. गूळ घातलेल्या आमट्या आणि चिंचेचं सार टाळा. गोडासमोर वाइन आंबट-कडू होते, आणि फार आंबटासमोर ही कमी आम्लाची वाइन पाणीदार वाटते. माशांबरोबर तर अजिबात नको, तोंडात गंज चाटल्यासारखी चव येते.

उरलेली कोवळी वाइन छोट्या बाटलीत अगदी काठोकाठ भरा, झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस टिकते, आणि मिटलेल्या वयाची असेल तर दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगलीही लागते. जुनी वाइन त्याच रात्री संपवावी. निथळताना मागे ठेवलेला गाळ चहाच्या गाळणीतून काढा, वरचे दोन चमचे मटण परतताना कढईच्या तळाला लागलेला मसाला सोडवायला वापरा आणि दोन मिनिटं उकळी येऊ द्या.